शनिवारची गोळी

बायकोनं आणि मी मिळून शेवटचं काय केलं, तर नारायणगुड्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्ली. बुधवार होता. तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. डी जीवनसत्त्व सहा महिन्यांपूर्वी होतं तिथंच, खड्ड्यात.

तिची हाडं दुखायची. खालून उठताना भिंत धरायची. मी म्हणायचो, "त्या भिंतीशीच लग्न लावायचं होतंस." ती म्हणायची, "भिंत निदान बोलत नाही."

बाईंनी विचारलं, "गोली कब लेते?"

"शनिवार को," मी ऐटीत सांगितलं. आठवड्याला एकच गोळी. विसरायला नको म्हणून मीच ती तिच्या मारुतीच्या उपवासाला बांधली होती. संध्याकाळपर्यंत नुसता काळा चहा, त्याच्याबरोबर गोळी.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अंकल, ये पानी में नई घुलती. घी-तेल में घुलती. खाली पेट लिये तो बहोत सी ऐसीच निकल जाती."

मी चौथी पास. पण अफझलगंजला तेलाच्या दुकानात जन्मभर डबे उचलले. तेलकट सदरा नुसत्या पाण्यानं स्वच्छ निघत नाही, हे मला सांगायला नको. पोटातही तोच कायदा चालतो, हे मात्र ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, अशी चार भावंडं आहेत. ए कमी पडलं की अंधारात दिसत नाही, डी कमी पडलं की हाडं मऊ होतात, ई नसलं तर नसा बिघडतात, के नसलं तर रक्त थांबत नाही. ती लिव्हरात, चरबीत साठून राहतात, म्हणून आठवड्याला एक गोळी पुरते. जास्त गिळली तर तीही बाधते.

रिक्षात बायको म्हणाली, "दर शनिवारी मारुतीच्या डोक्यावर तेल ओतता. माझ्या पोटात थेंब नाही."

त्याच दुपारी चार वाजता ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली. हृदय बंद पडलं.

रात्री स्मशानातलं सगळं उरकून घरी आलो. पाहुणे बसले होते. मेव्हणा म्हणाला, "औषधं कधी नीट घेतली नाहीत हिनं. पहिल्यापासून हट्टी." माना हलल्या. मी गप्प बसलो. लाज वाटायची ती तिथं वाटली नाही, नंतर वाटली.

सकाळी सुतकातच दवाखान्यात गेलो. बाईंना म्हणालो, "मेरे वजह से गई क्या?"

त्यांनी मला बसवलं. "नई अंकल. उनका दिल पुराना बीमार था. गोली से कुछ नई हुआ."

"और हड्डी का दर्द?"

बाई म्हणाल्या, "वो शायद थोडा कम होता."

"मतलब उतना मेरा," मी म्हणालो आणि उठलो.

घरी आलो तर दारातच मेव्हणा. "भावजी, सुतकात कुठं उंडारता?"

"ती हट्टी नव्हती," मी म्हणालो. आतल्या बायकांनाही ऐकू जाईल असं म्हणालो. "एक शनिवार चुकवला नाही तिनं. उपाशीपोटी घ्यायला मी लावलं. अक्कल माझी कमी पडली. आता तिच्याबद्दल बोलायचं तर हे बोला."