ओळ संपली की थांबणारं कुणीतरी

भुताच्या गोष्टी मी वाचते, पण करमणूक म्हणून. कॉम्प्युटरने काही विचित्र केलं तर वायर, सेटिंग किंवा आपण स्वतः, यातलं काहीतरी चुकलेलं असतं, एवढंच मला माहीत होतं. म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

माझी आत्या नाशिकला जेलरोडवर, एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर टायपिंग क्लास चालवायची. मुलींनी बटणांकडे बघू नये म्हणून त्यांच्या हातांवर नॅपकिन पसरायची आणि मागून म्हणायची, "मान वर!" मी तिच्याकडे कधी शिकले नाही, टाइपरायटरला हातही लावला नाही. गेल्या वर्षी ती गेली. मशीन्स भंगारात गेली आणि रिकाम्या खोलीत मी माझा जुना कॉम्प्युटर नेला.

तिथे मी टायपिंगचा सराव करायचे. क्लार्कच्या भरतीत लेखी पास होऊनही टायपिंग टेस्टला दोनदा आपटले होते. सुपरवायझर मागे उभे राहिले की माझी नजर खाली जाते आणि स्पीड पडतो. तिसऱ्यांदा नाही जमलं तर बाबांच्या मित्राच्या कॉल सेंटरला जायचं ठरलं होतं. दिवसभर अनोळखी माणसांशी फोनवर बोलायचं... मी तर दूधवाल्याशीही मानेनेच बोलते.

विरंगुळा म्हणून त्याच कॉम्प्युटरवर मी एक बुलेटिन बोर्ड सुरू केला होता. इंटरनेटच्या आधी लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरला जोडून असे निरोप ठेवायचे. आता हौशी लोक टेलनेट नावाच्या जुन्या प्रोग्रॅमने जोडतात. त्यात मी टायपिंगची एक स्पीड टेस्टही टाकली होती. पाहुणा काय टाइप करतोय, ते मला माझ्या स्क्रीनवर अक्षर-अक्षर दिसायचं.

रविवारी दुपारी माझी मैत्रीण शबाना नांदगावहून जोडायचा प्रयत्न करत होती. फोन स्पीकरवर होता.

"अगं, कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणतोय. तुझ्यासारखाच आहे, कुणाशी बोलतच नाही!"

"थांब, राउटर बघते."

पोर्ट तपासला, फायरवॉल बंद केली. तेवढ्यात स्क्रीनवर पाहुणा आला आणि थेट स्पीड टेस्टमध्ये गेला.

"आलीस बघ," मी म्हटलं.

अक्षरं उमटू लागली. ए-एस-डी-एफ-जी-एफ... क्लासमधला पहिला धडा. मग टेस्टचा उतारा, एकसारख्या लयीत, एकही चूक नाही. फक्त प्रत्येक ओळ संपली की टायपिंग क्षणभर थांबायचं. मग पुढची ओळ.

"शब्बो, मस्त स्पीड आहे गं तुझा."

"कसला स्पीड? मी इकडे कांदा चिरतेय. तुझा बोर्ड अजून रिफ्यूज्डच म्हणतोय."

मी पाहुण्याचा पत्ता उघडला. तो याच कॉम्प्युटरचा होता.

एखादं बटण अडकलं असेल, म्हणून मी कीबोर्डची वायर काढली. अक्षरं चालूच. एखादा प्रोग्रॅम आपोआप चालत असेल म्हणून यादी बघितली, काही नव्हतं. शेवटी मेन स्विच बंद करायला टेबलाखाली वाकले आणि का कोण जाणे, आधी वर बघितलं. उतारा थांबला होता. खाली रोमन अक्षरांत दोनच शब्द होते.

मान वर.

"काय झालं गं? हॅलो?" शबाना ओरडत होती. मी स्विच बंद केला.

खोलीत परत जायचं नाही असं ठरवलं होतं, पण टेस्ट आठवड्यावर आली होती. गेले. कीबोर्ड लावला, हातांवर नॅपकिन टाकला आणि रोज बसले. पाहुणा पुन्हा आला नाही. शबाना मात्र पहिल्याच प्रयत्नात जोडली गेली... मी काहीही बदललं नव्हतं.

टेस्टच्या दिवशी सुपरवायझर मॅडम माझ्याच मागे येऊन थांबल्या. पण नजर स्क्रीनवरून हलली नाही. वेळ संपायच्या आत उतारा पूर्ण झाला. मी पास झाले.

बाहेर पडताना मॅडम हसून म्हणाल्या, "टाइपरायटरवर शिकलीस ना? लगेच कळतं."

"नाही मॅडम. का?"

"अगं, प्रत्येक ओळीच्या शेवटी तुझा डावा हात वर जात होता. ओळ संपली की आम्ही टाइपरायटरचं कॅरेज मागे ढकलायचो ना, अगदी तसा."

मला यातलं काहीच आठवत नाही. ऑफिसात आता कुणी बघत नसलं की मी मुद्दाम हाताकडे लक्ष ठेवून टाइप करते. तेव्हा तो जागेवरच असतो.