क्लिअरन्सच्या फॉर्मवरचं ‘नाही’

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझं पोस्टिंग अमेरिकन सैन्याच्या टेक्सासमधल्या एका सिग्नल बटालियनमध्ये झालं. वय एकवीस, रँक स्पेशालिस्ट. पाचला उठायचं, सहाला पीटी, आठपासून काम. गुप्त संदेशांच्या खोलीत बसायला टॉप सीक्रेट क्लिअरन्स, म्हणजे चौकशीनंतर मिळणारी परवानगी, लागे. ते मिळेपर्यंत मी आणि कॅन्ससचा डॅनी बाहेर साधा रेडिओ सांभाळायचो आणि केबल गुंडाळायचो. त्यासाठीच्या फॉर्मवर प्रश्न होता, गांजा किंवा तसलं काही कधी घेतलंय का? दोघांनीही ‘नाही’ लिहिलं.

माझी माहिती काढायला एक चौकशी अधिकारी न्यू जर्सीत आमच्या घराशेजारच्या शालिनीकाकूंकडे गेला. काकूंनी त्याला चहा-चिवडा दिला आणि माझ्या चारित्र्याची ग्वाही दिली. मुलगा अगदी निर्व्यसनी, नागपूरला मामाकडे एकदा धुळवडीला भांग प्यायला तेवढीच, आणि मग दोन तास म्हशीकडे बघून हसत बसला. भांग कशाची करतात, असं अधिकाऱ्याने विचारलं. काकूंनी तेही नीट समजावलं. त्यांच्यावर मला आजही रागावता येत नाही.

मला बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी बाबांना फोन केला. भांग सणाची, ती कुठे गांजात धरायची, असं माझं म्हणणं. बाबा डॉक्टर.

“झाड एकच आहे,” ते म्हणाले. “नरो वा कुंजरो वा करू नकोस. प्यायलो म्हणून सांग.”

मंगळवारी दुपारी दोनला तळावरच्या चौकशी अधिकाऱ्याला सांगितलं.

“मग ‘नाही’ का लिहिलंस?” अधिकाऱ्याने विचारलं.

“सर, आमच्या घरी त्याला कुणी नशा समजत नाही. चूक माझी.”

त्याने लिहून घेतलं. भांगेपेक्षा ते ‘नाही’ तुला महाग पडलं असतं, असं म्हणाला.

बराकीत येऊन मी हे डॅनीला सांगितलं. मग त्यानेही सांगितलं. रजेवर असताना भावाबरोबर त्याने गांजा ओढला होता.

“सांगून टाक,” मी म्हणालो. “काही होत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अधिकाऱ्याकडे जाऊन सांगून आला.

तीन महिन्यांनी मला क्लिअरन्स मिळालं. डॅनीला नाकारलं. माझं वर्दी चढवण्याआधीचं होतं, त्याचं नंतरचं, आणि वर्दीतलं माफ नव्हतं. हा फरक मला ठाऊक नव्हता, आणि तरी मी शहाणपण शिकवलं. त्याची बदली ट्रक चालवणाऱ्या तुकडीत झाली. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

नोव्हेंबरात फील्ड एक्सरसाइज, म्हणजे युद्धसराव, होता. दुपारी चार चाळीसला मी रेडिओवर होतो.

“ट्रक उलटलाय. ड्रायव्हर खाली अडकलाय. मेडिक पाठवा.”

मी ड्रायव्हरचं नाव विचारलं. नाव आलं. मी संदेश पुढे दिला आणि वहीत वेळ लिहिली. मेडिक पाच वाजून पाच मिनिटांनी पोहोचले, तोवर डॅनी गेला होता.

शवपेटीबरोबर मी कॅन्ससला गेलो. त्याने घरी बदलीचं काहीच कळवलं नव्हतं. अंत्यविधीनंतर त्याच्या आईने मला बाजूला घेतलं. तो तर रेडिओवर होता, मग ट्रकवर कसा, असं विचारलं.

खरं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

“ट्रकवर भरवशाचा माणूस हवा होता,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. “भरवशाचा होताच तो.”