आवारात न दिसणाऱ्या बैलगाड्या

जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाड्यांना रांगेचे नंबर देणारा प्रोग्राम माझ्या काकांनी लिहिला, तेव्हा मी शाळेत होते. तो त्यांच्याशिवाय कुणाला चालवता येत नसे, म्हणून निवृत्तीचं वय उलटूनही ते तिथल्या खिडकीत बसत. मालकांना आता तो फोनवर हवा होता. पुण्याची नोकरी घरी बसून करणारी पुतणी आयतीच सापडली आणि काम माझ्या गळ्यात पडलं. जुन्या कोडला ठिगळं लावायची, की सगळं पाडून पायापासून नवं बांधायचं, एवढंच ठरवायचं होतं.

कोड उघडला आणि डोकं गरगरलं. एके ठिकाणी हात लावावा तर भलतीकडेच बिघडे. वैतागून मी नवं लिहायला घेतलं. वाहनांच्या प्रकारांपर्यंत सुरळीत चाललं. जुन्यात नियम होता, बैलगाडीला सगळ्यांच्या पुढे घ्यायचं, जुंपलेले बैल उन्हात ताटकळू नयेत म्हणून. पण बैलगाडीनं कापूस आता आणतं कोण? नियम काढण्याआधी सहज नोंदी पाहिल्या, तर रोज बैलगाड्या येतच होत्या. आवारात मात्र नुसते ट्रॅक्टर आणि पिकअप. मला वाटलं, प्रोग्रामच चुकतोय. ती चूक शोधून शोधून थकले.

शेवटी खिडकीत काकांच्या शेजारी जाऊन बसले. एका ट्रॅक्टरवाल्याची बायको दवाखान्यात होती, त्याला काकांनी नोंदीत बैलगाडी केलं. वरवट बकालहून आलेल्या म्हाताऱ्याचा पाय सुजला होता, तोही बैलगाडी. रांगेत कुणी कुरकुरलं नाही.

मी चिडले. असं करायचं तर काही नियम हवा, मशीनला कसं कळणार, म्हटलं.

"मले तरी कुठं आधी मालूम रायते," काका म्हणाले. "खिडकीत मानूस पाह्यला का समजते."

सोमवारी सुरू होणाऱ्या नव्या प्रोग्राममध्ये खिडकीच नव्हती. नंबर घरबसल्या मिळणार होता, लोकांचा हेलपाटा वाचणार होता, तेही खोटं नव्हतं. मग हे कुठं बसवू? राग नेमका कुणाचा येतोय तेच कळेना. यादीत बैलगाडी ठेवली, काढली, परत ठेवली.

काका माझ्या स्क्रीनकडे बघत होते.

"चांगलं केलं व पोरी," ते म्हणाले. "मंग सोमवारपासून मी येऊ का नको येऊ?"

मालकांना विचारून सांगते, एवढंच माझ्या तोंडून निघालं.