अर्धी भाकरी

माझ्या सासऱ्यांवर मला प्रेम करता येत नव्हतं. करायला हवं हे कळत होतं. लहानपणापासून चर्चमध्ये तेच ऐकत आले आहे. पण मी ख्रिस्ती, म्हणून लग्नानंतर आबांनी आम्हाला गावाकडच्या, असोद्याच्या घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. लकवा झाल्यावर तेच आबा आमच्या मेहरूणच्या दोन खोल्यांत आले, तेव्हा माझ्या मनात नुसती भीती होती.

मी त्यांचं अंग पुसायचे, कपडे बदलायचे. त्यांच्या विठोबाची तसबीर मीच खाटेसमोर टांगली. एवढं ते करू देत, पण माझ्या हातचं खात नसत. सकाळी नवरा स्वतः रांधून, भरवून कामावर जायचा. तो परत येईपर्यंत आबा उपाशी. मी ताट पुढे केलं की तोंड भिंतीकडे. ते वाळत चालले. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नळीने अन्न द्यावं लागेल. त्या दुपारी मी स्वयंपाकघरातच गुडघे टेकले. "प्रभू, माझ्याजवळचं संपलं. आता तुझं दे."

थोड्या वेळाने गल्लीत गादी पिंजणाऱ्याची हाक आली. आबांच्या गादीत गोळे झाले होते, म्हणून बोलावलं. साठीचे मुसलमान गृहस्थ होते. अंगणात कापूस पिंजता पिंजता त्यांची नजर आत गेली आणि हात थांबले.

"आबा, असोद्याचे ना तुम्ही? माझे वडील दरसाल तुमच्याकडे गाद्या भरायला यायचे. मी पण असायचो सोबत."

आबांचा चेहरा उजळला. मी पाहुण्यांना भाकरी आणि भरीत वाढलं. ते ताट घेऊन खाटेजवळ जाऊन बसले.

"तुमच्या घरी आम्ही पोटभर जेवलो, आबा. आज मी एकटा कसा जेवू?" भाकरी मोडून अर्धी त्यांनी आबांच्या चांगल्या हातात ठेवली.

आबांनी भाकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत ताट ठेवलं. आबांनी घास घेतला, चावला आणि म्हणाले, "पोरी, भरताले तिखट कमी पडलं."

मी आत जाऊन हसले, रडलेही.

ते गृहस्थ पुन्हा आमच्या गल्लीत दिसले नाहीत. नवरा म्हणतो योगायोग; मी वाद घालत नाही. प्रेम आपल्यालाच कुठूनतरी आणावं लागतं, असं मी धरून बसले होते. हात रिकामे झाले तेव्हा प्रभूने ते दुसऱ्याच्या हातून पाठवलं. त्याचे उपकार मानते आणि रोजचं काम करत राहते.

आबा आजही विठ्ठलाचेच आहेत. पण जेवणाआधी मी डोळे मिटले की घास हातात धरून थांबतात.

"तुह्या देवाले माहं बी सांग," म्हणतात.

"तुमचंच आधी सांगते, आबा."