बावखलावरच्या बायका
आमच्या इमारतीत जिन्याचं रंगकाम निघालंय. टर्पेंटाइनच्या वासाने बाबांनी काढलेलं ते तैलचित्र डोळ्यांपुढे आलं. गावच्या बावखलात, त्या हिरव्यागार तळ्यात, आंघोळ करणाऱ्या बायका. रंगाचे जाड फटकारे, चेहरा कुणालाच नाही. चर्चच्या हॉलमधल्या प्रदर्शनात ते दाराआडच्या भिंतीवर लावलं होतं. लोक बघून न बघितल्यासारखं करत पुढे जायचे आणि बाबा शेजारच्या खुर्चीवर एकटेच बसून होते. संध्याकाळी एक म्हातारी आली आणि वाकून केस धुणाऱ्या बाईपाशी थांबली. “ही माझी आय,” ती म्हणाली. “अशीच ओंजळीनं पानी घ्यायची. तिचा एक फोटोपन नाय आमच्याकडं.” बाबा खुर्चीवरून उठून तिच्या शेजारी उभे राहिले. मग म्हणाले, “होय, तुमचीच आई.” प्रदर्शन आटोपल्यावर आम्ही दोघांनी चित्र आगाशीला तिच्या घरी पोचवलं. परतताना बसमध्ये मी विचारलं, “बाबा, खरंच तिची आई होती ती?” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुझी आजी होती. फोटो आपल्याकडेही नाही.” आता बाबा नाहीत. आजीला बघावंसं वाटलं की मी आगाशीला उतरते आणि त्या घरासमोरून हळूहळू चालत जाते. खिडकी उघडी असली, तर भिंतीवर थोडासा हिरवा रंग दिसतो.