व्हॉल्व्हची ऊब आणि आण्णांची झोप

कोल्हापुरात भांडायला कारण लागत नाही, हे मला मान्य आहे. पण एका खोक्यात काचेचे दिवे असावेत की नसावेत, यावरून बायकापोरं असलेली दोन शहाणी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरचा चहा घेत नाहीत, हे मी आमच्या ऑर्केस्ट्रात माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी मूळचा इचलकरंजीचा. नोकरीसाठी मंगळवार पेठेत खोली घेऊन राहायचो, दिवसभर ऑफिसात कारकुनी करायचो आणि संध्याकाळी बेस गिटार वाजवायचो.

लीड गिटार वाजवायचे ते हायस्कुलात गणित शिकवणारे एक मास्तर. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेचे दिवे असलेला. बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचं सामान रेडिओवाल्याकडून जुळवून घेऊन केलेला. उचलायला दोन गडी लागायचे. टेंपोत तो वाकळेत गुंडाळून मधोमध बसायचा आणि आम्ही माणसं कडेनं लोंबकळायचो. चालू केला की दिवे तांबूस होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. तोवर मास्तर त्याच्यापुढं उदबत्ती लावणार. गरम असताना हलवायचा नाही, जवळून धपाधपा चालायचं नाही. "माझ्या बाळंतपणात एवढी काळजी घेतली असती तर!" असं मास्तरीणबाई आल्यागेल्याला सांगायच्या.

"व्हॉल्व्हच्या आवाजाला ऊब असते," हे मास्तरांचं पालुपद. हे म्हणताना ते डोळे मिटायचे. ट्रान्झिस्टरचा विषय निघाला की मात्र डोळे उघडायचे आणि तोंड वाकडं व्हायचं.

ट्रान्झिस्टरचा विषय काढायचे ते आमचे मालक. त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि ऑर्केस्ट्रा ही त्यांची हौस. त्यांनी मुंबईहून ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर आणला आणि एका हातात धरून अख्ख्या पेठेतून मिरवला. "बटन दाबलं की चालू. उदबत्ती नको, वाकळ नको!" पण झालं भलतंच. आमच्याकडं म्हैस असो, पैलवान असो की जावई, आधी वजनाचा अंदाज घ्यायची रीत. कट्ट्यावरच्या एकेकानं तो उचलून बघितला आणि मान हलवली. "पोकळ हाय की ओ शेठ! फसिवलं तुमास्नी मुंबईवाल्यानं." मालकांच्या ते जे जिव्हारी लागलं, त्यानंतर त्यांनी व्हॉल्व्ह हा शब्द तोंडातून काढायचा बंद केला. ते मास्तरांच्या अ‍ॅम्प्लिफायरला 'ती भट्टी' म्हणायला लागले.

खरं विचाराल तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, पण ते त्यांना सांगायची कुणाची छाती? व्हॉल्व्हवर गिटारचा आवाज वाढवला की फाटायचा, पण कानाला गोड लागायचा. ट्रान्झिस्टरवर फाटला की मालकांच्या दुकानात मांजरपाट फाडल्यासारखा टर्रर्र. उलट बेसला ट्रान्झिस्टर बरा, आवाज कसा घट्ट आणि ठाम. पण बेसचा विचार करतोय कोण! मी मास्तरांच्याच अ‍ॅम्प्लिफायरच्या दुसऱ्या भोकात पिन खुपसून वाजवायचो. मी जरा जोर केला की त्यांच्या गिटारचा आवाज घरघरायचा, की लगेच मास्तर मागं वळून माझं बटन खाली करायचे. "अरे, बेस ऐकू यायचा नसतो. जाणवायचा असतो." वा रे वा! मग लीड का ऐकू यायला पाहिजे? ती पण जाणवू दे की.

आता आमचे आण्णा. आण्णा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत आमचे चार माग होते आणि मागांच्या शेडला लागूनच घर. जन्म त्या खडखडाटात गेल्यामुळं आण्णांच्या कानाला दडे बसलेले. त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, आणि ते जगाशी ओरडून बोलत. पण दुपारी जेवून पडले की चारही माग धडाडत असताना माणूस डाराडूर. आणि त्यातला एक जरी माग थांबला, की ताडकन उठून बसणार. "कुठला बंद पडला रं?" धोतर सावरत निघालेच शेडकडं. चालू असताना झोप आणि बंद पडल्यावर जाग, असा हा उलटा मामला. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच मागवाल्यांची ही तऱ्हा होती, त्यामुळं कुणाला त्याचं नवल नव्हतं.

माझं गिटार त्यांना पहिल्या दिवसापासून खटकलं. आधी तारा मोजल्या. "त्या मास्तरच्या गिटारीला सहा हाईत म्हणं. तुझ्या दोन कुठं गेल्या? जुनी घेतलीस व्हय?" बेसला चारच असतात म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "फसिवलंय तुला." मग एकदा कार्यक्रमाला येऊन गेले, आणि परत जाताना स्टँडवर मला जे बोलले ते आजही तसंच्या तसं आठवतं. "समद्यांचं काय ना काय ऐकू आलं. तुझं काय आलं न्हाय. आपला एक माग बंद पडला की गल्लीला कळतं. तू थांबलास तर कुणाला कळंल का?"

त्यांचं खोटं नव्हतं. मलाही माझं ऐकू येत नव्हतं.

पुढं त्यांनी निकालच लावला. "गणपतीत परत येतो. तवाबी काय ऐकू आलं न्हाय, तर त्ये लाकूड माळ्यावर टाकायचं आन् गप मागावर यायचं. माझं वय झालं आता." आण्णा एकदा बोलले की बोलले. मला माग नको होता. नोकरी सोडायचं एवढं वाईट वाटत नव्हतं, पण बेस काही सोडवत नव्हता.

मी मालकांचे पाय धरले. म्हटलं, गणपतीच्या कार्यक्रमाला ट्रान्झिस्टरवर मला वाजवू द्या, एकट्याला. मालक एका पायावर तयार. माझ्यावर प्रेम उतू चाललं होतं म्हणून नव्हे. मास्तरांचं नाक कापायला मिळत होतं ना! वर स्वतःच्या घरचा व्होल्टेज वाढवायचा डबा पण आणला. गणपतीत पेठेतलं व्होल्टेज रोषणाईच खाऊन टाकायची; तो डबा लावून हातानं बटन फिरवलं की वाढायचं. "मास्तर, तुम्हाला पाहिजे का?" मालकांनी मुद्दाम विचारलं. "व्हॉल्व्हला कुबड्या लागत नाहीत," मास्तर म्हणाले आणि उदबत्ती लावायला वळले.

आरती झाली आणि कार्यक्रम सुरू झाला. कलाकाराचे वडील म्हणून मंडळानं आण्णांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. मी पहिल्या गाण्याचा पहिला सूर दिला आणि आईशप्पथ, पायाखालच्या फळ्या थरथरल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला मी ऐकू आलो! आनंदानं समोर बघितलं, तर आण्णांची मान छातीवर. झोपले होते! दुसऱ्या गाण्याला घोरायला लागले. मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसायला लागली. ड्रमवाल्यानं मला काठीनं खुणावलं, "म्हातारा गेला रं!" मला असा संताप आला म्हणून सांगू! एवढे पाय धरले, एवढा आटापिटा केला, आणि हा माणूस घोरतोय. संपलं म्हटलं, आता माग.

तिसरं गाणं चालू असताना देखाव्याची वेळ झाली, म्हणून मंडळानं गल्लीतली रोषणाई बंद केली. एकदम सगळं व्होल्टेज आमच्या वाट्याला आलं, आणि डब्याचं बटन तर मालकांनी वरपर्यंत फिरवून ठेवलेलं. मागं 'फट्' झालं, जळका वास आला आणि ट्रान्झिस्टरचा लाल दिवा गेला. मास्तरांचे व्हॉल्व्ह क्षणभर लखलखले आणि पुन्हा निवांत. जपायला आणलेल्या डब्यानंच मुंबईच्या पाहुण्याचा जीव घेतला.

मी काय करणार? मुक्या तारांवर बोटं फिरवत राहिलो. आणि कळलं कुणाला? कुणालाही नाही! गायिका गातेय, ड्रमवाला बडवतोय, मालक विंगेत उभे राहून पाहुण्यांना सांगतायत, "ऐका, ऐका, ट्रान्झिस्टरचा बेस!"

तेवढ्यात आण्णा दचकून उठले. टोपी खाली पडली. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, मग त्यांची नजर स्टेजवर एका टोकापासून एकेकाला न्याहाळत आली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. तिथून कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी डोळा मिटला नाही. माझ्या हाताकडंच बघत होते.

कार्यक्रमानंतर स्टेजमागं नेहमीची जुंपली. "बेस कसा दणाणला, बघितलंत?" मालक म्हणाले. मास्तर म्हणाले, "दणाणला नाही, मिसळला. व्हॉल्व्हच्या उबेत काहीही मिसळतं." मी म्हटलं, अहो, तिसऱ्या गाण्यापास्नं माझं खोकं बंद आहे! दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, की मीच त्यांच्या भांडणात नाक खुपसलंय. "तू गप रे," मालक म्हणाले, आणि पुन्हा सुरू झाले. एवढ्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, ते माझ्या न वाजलेल्या बेसवर.

मी गिटार घेऊन बाहेर आलो. आण्णा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते.

"काय झालतं?" ते ओरडले. "तार तुटली?"

"न्हाय. खोकं जळलं."

"तरी म्हटलं, झोप का मोडली." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "मग उद्या सकाळीच दुरुस्तीला टाक. असं बंद ठिवून कसं चालंल?"