पिंप्राळ्यातील अमेरिकन न्यायपीठ

अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेची जेवढी काळजी माझे साडू जळगावजवळच्या पिंप्राळ्यातल्या दोन खोल्यांत बसून वाहतात, तेवढी खुद्द अमेरिकेत कोणी वाहत असेल यावर माझा विश्वास नाही. धुळ्याच्या न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून ते निवृत्त झाले, मुलाने त्यांना ब्लॉग काढून दिला, आणि तेव्हापासून तिकडचे निकाल सोप्या मराठीत समजावून सांगण्याचे व्रत चालू आहे. लिहायला बसण्यापूर्वी ते इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात आणि गळ्याचे बटण लावतात. जळगावच्या मे महिन्यात, वीज गेलेली असताना, या अवस्थेत घामाने निथळणाऱ्या नवऱ्याला अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, विचारले, "त्या जज्जसाहेबांना तुम्ही दिसतात का?" साडू शांतपणे म्हणाले, "मला ते दिसतात."

त्यांच्या वाचकांत चोपड्याकडचे एक केळीवाले शेतकरी आहेत. ते प्रत्येक लेख गावातल्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवतात आणि मग फोन करतात. एका विधवा बाईच्या अंगणातले जुने झाड रस्त्यासाठी तोडावे की नाही, या खटल्यावर साडूंनी लिहिले तेव्हा त्यांचा अहिराणीत फोन आला, "भाऊ, झाड वाचनं. बठ्ठं गाव खूश शे." सगळे गाव खूश म्हटल्यावर साडू आठवडाभर खुशीत होते.

मी मात्र संतापलो. नगरपालिका, रेल्वे आणि संपादक यांना पत्रे लिहिण्यात माझी हयात गेली असल्यामुळे मूळ कागद पाहिल्याशिवाय मी काहीच मानत नाही. मी तो निकाल अथपासून इतिपर्यंत वाचला. बाई हरल्या होत्या. झाले होते असे, की आपल्याकडे आदेश शेवटच्या पानावर असतो, म्हणून साडू जन्मभराच्या सवयीने ते पान आधी वाचतात. तिकडे शेवटी छापतात ते अल्पमतातल्या, असहमत न्यायमूर्तींचे म्हणणे. झाड उभे राहावे असे त्या एकट्या न्यायमूर्तींनी लिहिले होते, आणि तेही इतके सुंदर की साडूंना पुढे शंका घ्यावीशी वाटली नाही. मी चार पानी खरमरीत पत्र रजिस्टर पोस्टाने धाडले.

उत्तर आले नाही. ब्लॉगही थांबला. तीन आठवडे मी वाट पाहिली आणि शेवटी धुळ्याहून एसटीने पिंप्राळा गाठला. साडू बनियनवर बसले होते. ते दृश्य पाहून मला माझ्या चारही पानांची लाज वाटली.

"नाना, उभ्या नोकरीत एका नकलेत अक्षर चुकलं नाही," ते म्हणाले. "आता लिहिणं बंद. पण त्या चोपड्याच्या माणसाला काय सांगू?"

मी म्हणालो, जे घडले तेच सांगा, आणि लेख दुरुस्त करण्याआधी सांगा. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. आपण शेवटचे पान आधी वाचले, बाई हरल्या, चूक माझी, एवढेच बोलले. सबब एकही नाही.  पलीकडून आवाज आला, "हारनी ते हारनी. पुढला निकाल कधी शे, भाऊ?"

साडू उठले आणि आत जाऊन सदरा घालून आले.

आता प्रत्येक लेख आधी माझ्याकडे येतो. मी रागावून चुका काढतो, ते त्याच दिवशी उत्तर देतात. कोणत्याही संपादकाने मला हा मान दिलेला नाही. निकालपत्रात पुढे काय झाले ते मात्र कधी लिहिलेले नसते. परवा फोनवर सगळे बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "तोडलं असेल का हो एव्हाना?"

मी म्हणालो, अपिलाची मुदत बाकी असेल अजून. तो त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. तरी ते म्हणाले, "हो, असेल." आणि त्यांनी फोन ठेवला.